पाच एमबीत वीस लेकरं

हॅलो?… हां निकिता, बोल… पोचला ना व्हिडिओ? सकाळी साडेदहालाच टाकलाय मी पोर्टलवर… चार पॉइंट सहा एमबी. पाचच्या आतच हाय, दोनदा बगितलं… आँ?… लाल?… लाल म्हंजे?

सगळंच लाल?… अगं कसं शक्य हाय, आमच्या वर्गाला पिवळा रंग दिलाय… लेकरं दिसत न्हाईत?… एकबी न्हाई?… वीसच्या वीस ओळीनं बसवून काढलाय गं! चांगला दोन मिनिटांचा…

न्हाई, परत लावून न्हाई बगितला. एमबी बगितले. तुमच्या ऑफिसच्या पत्रात एमबीच ठळक अक्षरात हायेत, लेकरं कुठं ठळक हायेत?… आन आमचा मॉनिटर दिवाळीपासून गुलाबीच दाखवतोय, वायर हलवली की शुद्धीवर येतोय. मला वाटलं तेच… सर व्हते ना कॉम्प्युटरजवळ. पण बन्सीधर सर लेकरांवर डोळे वटारून उभे, स्क्रीनकडं बगणार कोण?

थांब, थांब. कॅमेरा बगते… अगं बाई!… सर! सर, इकडं या जरा. ह्या कॅमेऱ्याला कुंकू कुणी लावलं?

…सरांनीच. दसऱ्याला… अगं पूजा केली ना आमी कॉम्प्युटरची. मॉनिटरला बोट, कीबोर्डला बोट, डब्ब्याला झेंडूचा हार. सर म्हणायलेत, कॅमेरा म्हंजे कॉम्प्युटरचा डोळा, त्याला एकट्याला कसं उपाशी ठेवायचं… हो गं, डोळ्यातच! खाली हळद, वर कुंकू, मधी एक अक्षत चिटकलीय… हसू नको निकिता. तुझ्या पाया पडते, हसू नको. आज शेवटची तारीख हाय आन घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाल्यात.

हो, माहीत हाय पाचला पोर्टल बंद व्हतंय… ते पण माहीत हाय. विसात एक जरी कमी दिसलं तर शाळा बंद आन लेकरं फाट्यावरच्या शाळेत. फाटा तीन किलोमीटर हाय, मधी हायवे. पहिलीचं लेकरू जाईल का गं चालत?… आन ती बबिता तर जायचीच न्हाई. तिचे मायबाप ऊसतोडीला गेलेत. दरवर्षी तिलाबी नेतेत. ह्या वर्षी मी तिच्या बापाला म्हणलं, भागवत, पोरीला चुलतीकडं ठेव, शाळा जवळ हाय, मी बगते. त्याला शब्द दिलाय मी. शाळा गेली तर तो आठ दिवसांत येऊन घेऊन जाईल तिला, आन मी कोणत्या तोंडानं अडवू?… विसावी हाय ती. तीच विसावी.

काढते, परत काढते. तू फोन ठेवू नको फक्त… मोबाइलनं काढू का? झटक्यात व्हईल… बरं बरं, ओरडू नको. ‘शाळेच्याच संगणकाच्या वेबकॅमने.’ वाचलंय. मोबाइलनं काढला तर आमी दुसऱ्याची लेकरं आणून बसवू म्हणे. वेबकॅमसमोर दुसऱ्याची लेकरं बसत न्हाईत का गं?… हां, तू काय करणार, तू नुसती ऑपरेटर. डी.एड.ला माझ्या वहीतून उतरवायचीस, आता साहेबाच्या पत्रातून उतरवतीस.

सर, पुसा ना लवकर!… अगं नमस्कार करायलेत आधी. पूजेचं कुंकू असं एकदम पुसता येत न्हाई म्हणे… हां, घेतली खिशातली दस्ती. ओली करा सर, वाळलंय ते… निघालं. आता दिसायलंय. अगं लय लख्ख दिसायलंय! रामच्या नाकातला शेंबूड दिसायलाय.

चला, बसा रे सगळे. मी नाव घेते, ज्यानं त्यानं ‘हजर’ म्हणायचं, सकाळसारखं. योगीराज, हात खाली. सर, दाबा बटन…

…झालं. ऐकलंस का? बबिता काय जोरात म्हणली ‘हजर’! चार दिवस झाले घरी चुलतीसमोर म्हणून बगतीय… टाकते लगेच… घेत न्हाई. लाल पट्टी यायलीय… किती?… अठ्ठेचाळीस!… अगं तेवढाच वेळ, तीच लेकरं, तीच सतरंजी! सकाळी चार पॉइंट सहा आन आता अठ्ठेचाळीस?

हां… हां… म्हंजे कुंकवामुळं सगळं एकसारखं व्हतं म्हणून हलकं झालं, आन आता जेवढं जास्त दिसायलंय तेवढं वजन वाढायलंय… वा! म्हंजे न दिसणारी लेकरं तुमच्या पोर्टलला चालतेत, दिसणारी जड व्हतेत.

मग काय करू सांग… मागं कमी सामान पाहिजे?… आन हलायचं न्हाई?… सर, निकिता म्हणतीय मागच्या भिंतीवरचं काढा. तक्ते… हो, सगळे. बाराखडीपण. फळांचा काढा, प्राण्यांचा काढा, नकाशा काढा… पाढे राहू द्या म्हणायलेत सर. न्हाई सर, पाढ्यात लय आकडे हायेत… बग गं, सहा वर्षं लागली ह्या भिंती सजवायला. शाळा हाय हे दाखवायचं म्हणून शाळेतली सगळी शाळाच काढून ठेवायलोत आमी.

सर, ते काय करायलात?… निकिता, सर लेकरांना दाटीनं बसवायलेत. ‘सरकून बसा रे, फाइल मोठी व्हायलीय’ म्हणून… न्हाई सर, तसं नसतंय. लेकरं सरकून फाइल सरकत न्हाई… ऐकत न्हाईत. तिघं-तिघं मांडीला मांडी लावून बसवलेत. असू दे, वेळ न्हाई.

आता सगळ्यांनी एकदाच ‘हजर’ म्हणायचं, मग कुणी हलायचं न्हाई बरं का. दोन मिनिटं. फोटोत बसतेत तसं. डोळेबी कमी मिचकवा… सर, दाबा…

…(हळू बोलते गं. हलायची बंदी हाय ना, मलाबी बोलू वाटंना. वीस लेकरं आन सगळी दगडासारखी. ती पहिलीची पोरगी तर श्वास धरून बसलीय, गाल फुगलेत नुसते)… बास, बास! सोडा रे श्वास!

एकतीस. उतरलं, पण एकतीस… आवाज काढून टाकू?… मग ‘हजर’ कसं ऐकू येणार?… ऐकतच न्हाईत का तुमच्या तिथं कोणी?… बरं. काढला आवाज. अठ्ठावीस… आता ते कॉम्प्रेसचं बटन, हां, दिसलं. लांबी-रुंदी अर्धी करू?… करते. चाललंय… फिरायलंय गोल गोल…

चार वाजून पस्तीस झाले ना गं?… तुझे साहेब हायेत का जाग्यावर?… चहाला?… हो का. त्यांचं बरं हाय.

झालं. अकरा… अजून अर्धी करू?… निकिता, आताच तोंडं ओळखू येईनात… बरं, करते बाई, करते.

…चार पॉइंट दोन! बसला! सर, बसला!… टाकते हं. हिरवी पट्टी… गेला. बग तुझ्या तिथं उघडून… आला?… दिसायलेत ना?… चौकोन?… हो, चौकोनच दिसायलेत म्हणा, पण लेकरांचेच हायेत ते… मोज ना. खालून मोज. पहिली ओळ सहा… पाच?… नीट बग, राम आन योगीराजच्या मधी एक हाय… दुसरी ओळ?… दाटीनं बसवल्यानं चिटकलेत गं ते एकमेकाला! सर, तुमच्या त्या सरकून बसा-सरकून बसापायी लेकरं गेली!… एकूण किती झाले?… सतरा?… परत मोज. माझ्यासाठी एकदा परत मोज…

सतराच.

न्हाई… ‘मान्य’ कसं करशील तू, तुझी नोकरी जाईल. मी म्हणत न्हाई तसं… कोपऱ्यात एक निळा चौकोन हाय का, डावीकडं? मागच्या ओळीत?… न्हाई?… तिथं बबिता बसलीय गं. निळा ड्रेस घालून आलीय मुद्दाम. चुलतीनं काल रात्रीच टाके घातलेत त्याला…

मला रडायला यायलंय निकिता. वीस लेकरं माझ्यासमोर बसलीत. हात लावून मोजू शकते मी. आन तुझ्या तिथं सतराच हायेत… ये ना मग तू इथं! साहेबाला घेऊन ये, गाडी हाय की त्यांना! अर्धा तास लागतोय!… पत्रात तशी तरतूद न्हाई… बरं.

काय?… काय म्हणलीस?… सकाळचा? लालवाला?… अजून हाय तिथं?… अगं पण त्यात तर एकबी लेकरू दिसत न्हाई!… हां… थांब, परत सांग, सरांना ऐकवते. स्पीकरवर टाकते…

म्हंजे ह्याच्यात सतरा मोजता येतेत म्हणून कमी भरतेत. आन लालमध्ये मोजताच येत न्हाईत, म्हणून कमी हायेत असंबी कुणाला म्हणता येत न्हाई. मोजता न्हाई आले तर हजेरीपटातला आकडा धरायचा… हे पत्रात हाय?… परिशिष्टात. आन तुला ते आत्ता सापडलं?… धन्य हाय तुमची.

सर, काय करायचं?… सर मान हलवायलेत. हो म्हणायलेत… तेच टाक निकिता. चौकोनवाला काढून टाक, लालवाला ठेव… किती वाजले?… पाचला सहा कमी. टाक लवकर.

…शेरा? कसला शेरा?… दोनच हायेत निवडायला? ‘विद्यार्थी कमी आढळले’ आन दुसरा?… ‘चित्रण सुस्पष्ट, विद्यार्थी पूर्ण आढळले’… सुस्पष्ट!… न्हाई, हसत न्हाई मी. निवड. सुस्पष्ट निवड… आली हिरवी खूण?… आली?… साहेबांची पण?… त्यांनी उघडून न बगताच?… बरं झालं. देव त्यांचं भलं करो, त्यांना असंच चहाला जाऊ दे रोज.

वाचली सर, शाळा वाचली!… सर बग काय म्हणायलेत, पूजा वाया गेली न्हाई म्हणे. पुढच्या दसऱ्याला दोन बोटं लावणार हायेत… खरं सांगू, मलाबी आता त्यांना न्हाई म्हणवंना.

एक मिनिट गं… काय बबिता?… हो, गेला व्हिडिओ… हो गं, दिसलीस ना. सगळे दिसले… ड्रेस?… ड्रेसबी दिसला… जा, दप्तर भर.

…मी खोटं बोलले निकिता. वर्गात उभी राहून, लेकराच्या तोंडावर. तिला सांगायला पाहिजे व्हतं का, की तू न्हाई दिसलीस म्हणून शाळा राहिली?

हां, ती परत आली… काय गं?… आईला पाठवू?… तुझी आई बगणार हाय कारखान्यावर?… कालपासून विचारायलीय?… पाठवते. आत्ता पाठवते चुलतीच्या मोबाइलवर, ती पाठवील पुढं.

…न्हाई गं निकिता, लालवाला न्हाई. तो अठ्ठेचाळीसवाला. तक्ते काढायच्या आधीचा. पुसला न्हाई मी तो, हाय अजून… त्यात मागं बाराखडी हाय, हिचा निळा ड्रेस हाय, समोरचे दोन दात पडलेले दिसतेत, आन ती ‘हजर’ म्हणतीय ते पार व्हरांड्यात ऐकू जातंय… जाईल की, रात्रभर लागू दे. तिच्या आईनं एमबी न्हाई विचारले.

तुलाबी पाहिजे?… कामून?… मोजायला?… न्हाई, मोजायला देत न्हाई आता. नुसतं बगायचं असलं तर पाठवते… बरं. पाठवते. बग मग… ठेवते गं. तक्ते लावायचेत परत.