गळलेला काना

धाकटी : एक काना, ताई. एक उभी रेघ. तुझ्या हातात लाल पेन आहे, समोर पान आहे. मी काही तुझं रक्त मागत नाही.

ताई : आधी बस. तीन जिने चढून आलीस, धाप लागलीय. पाणी घे.

धाकटी : पाणी नको. चार वाजता हा पानांचा फर्मा छपाईच्या मशीनवर चढणार ना? वसाहतीच्या साहेबांनीच सांगितलं. म्हणाले, कायद्याचं पुस्तक सरकारी छापखान्यात पुन्हा छापायला गेलंय, प्रूफ तुमच्या बहिणीच्याच टेबलावर असणार.

ताई : आणि काना दे म्हणून सांगितलं?

धाकटी : तोंडानं नाही. म्हणाले, ‘पुस्तकात मला “वा” दिसला तर मी आज सही करतो. “व” दिसतोय, म्हणून घर रिकामं करायची नोटीस काढावी लागली. माझ्या हातात काही नाही.’

फोरमन : त्यांच्या हातात कधीच काही नसतं. इतके मोकळे हात मी दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत.

ताई : फोरमन, तुमचा डबा झाला ना? मग जरा खाली जाऊन या.

फोरमन : खाली मशीन बंद आहे, बाई. एरवी त्याच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही. आज येतंय तर ऐकू द्या.

धाकटी : ऐका काका, तुम्हीच न्याय करा. ओळ मला पाठ झालीय. ‘साठ वर्षे पूर्ण झालेली व दुसरे घर नसलेली विधवा पतीच्या पश्चात त्याच सरकारी घरात राहू शकेल.’ दुसरं घर मला नाही. साठ वर्षं कुठून आणू? मला त्रेपन्न. तिथं ‘वा’ असता, तर दोनातली एक अट पुरली असती. ‘व’ आहे म्हणून दोन्ही हव्यात. सात वर्षं आधी विधवा झाले, हा माझा गुन्हा.

ताई : असं बोलू नये गं.

धाकटी : मग कसं बोलू? आमदारांकडे जाऊन आले. ते म्हणाले, ‘चूक आहे खरी, आठ वर्षांपूर्वी कायदा करताना मंत्र्यांनी भाषणात “किंवा”च म्हटलं होतं. पण सभागृह उठलंय. पुढचं अधिवेशन चार महिन्यांनी, तेव्हा दुरुस्ती मांडू.’ माझी नोटीस या महिनाअखेरची.

फोरमन : आणि कोर्ट?

धाकटी : न्यायाधीश भला माणूस. सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून म्हणाले, ‘बाई, कायदा मी करत नाही. सभागृहानं “व” म्हटलंय, तो मी “वा” कशावरून वाचू? भाषण म्हणजे कायदा नव्हे. दुसरं काही असेल तर आणा.’ परवा शेवटची तारीख आहे.

फोरमन : म्हणजे एक जण जागेवर नाही, दुसरा हात लावत नाही आणि तिसऱ्याला दिसत नाही. झकास बंदोबस्त आहे.

धाकटी : चार महिने मी या दारातून त्या दारात नुसती ढकलली जातेय, काका. सगळे गोड बोलतात. पाणी विचारतात. एकानं तरी हाकलून दिलं असतं, तर निदान त्याच्यावर रागावता आलं असतं.

फोरमन : बाई, मी एक बोलू का?

ताई : तुम्ही न विचारताच बोलता.

फोरमन : कॉम्प्युटरवर एक कळ दाबायची. मी दाबतो. तुम्ही तेवढा वेळ खिडकीतून बाहेर बघा. उद्या कुणी विचारलंच, तर म्हातारा फोरमन, डोळ्यांना कमी दिसतं.

ताई : फोरमन, तो ‘न’वाला ठेकेदार आठवतो?

फोरमन : आठवतो की. मिठाईचा खोका घेऊन आला होता.

धाकटी : कोण ठेकेदार?

फोरमन : नियमात होतं, ‘नदीकाठी बांधकाम करता येणार नाही.’ त्याला तो ‘नाही’ गळायला हवा होता. गळायचा होता अख्खा ‘नाही’, पण आम्ही त्या ठेकेदाराला ‘न’वाला म्हणायचो. नाव राहिलं. तुझ्या ताईनं त्याला जिना दाखवला. खोक्यासकट. मला एक पेढासुद्धा घेऊ दिला नाही.

धाकटी : म्हणजे तो ठेकेदार आणि मी एकच?

ताई : तू तू आहेस. पेन तेच आहे.

धाकटी : वा! छान बोललीस. भिंतीवर लिहून ठेव. मी सामान बांधते आणि तुझ्या दीड खोल्यांत येऊन ती भिंत वाचत बसते.

ताई : ये. खरंच ये. मी नाही म्हणाले का?

धाकटी : मला तुझ्याकडे यायचं नाही, ताई. मला माझ्या घरात राहायचंय. त्या स्वयंपाकघरात यांनी उंच फळीसाठी मला पाट करून दिलाय, माझ्या उंचीचा. तुझ्या घरात मी पाहुणी. किती वर्षं पाहुणी राहू?

ताई : थांब. तुला एक दाखवायचंय. आठ दिवस ड्रॉवरमध्ये ठेवलंय. रोज सकाळी देवापुढे हात जोडले, की हेच पहिलं डोळ्यांपुढे येतं.

(ताई ड्रॉवरमधून पिवळे पडलेले दोन कागद काढून टेबलावर ठेवते.)

धाकटी : हे काय?

ताई : प्रुफांचे गठ्ठे आम्हाला दहा वर्षं ठेवावे लागतात. तुझी नोटीस आली, तेव्हा मी तळघरात जाऊन शोधले. हा वरचा कागद खात्याकडून आलेला मसुदा. सातवी ओळ वाच.

धाकटी : ‘साठ वर्षे पूर्ण झालेली वा...’ ताई! ‘वा’ आहे!

ताई : आता खालचा. आमचं पहिलं प्रूफ.

धाकटी : इथंही ‘वा’ आहे. पण कान्यावर लाल फुली... कुणी मारली?

फोरमन : दाखवा इकडे. ...अरे देवा.

ताई : खाली सही आहे. वाच.

धाकटी : तुझी.

ताई : माझी. काना मी काढला. शाईचा ओरखडा वाटला असेल, की आणखी काही... आठवत नाही. आठ दिवस आठवतेय. त्या दिवशी काय होतं, मला बरं नव्हतं का, घाई होती का? काही नाही. साधा दिवस असणार. एकतीस वर्षांत प्रत्येक पान तीनदा वाचल्याशिवाय मी चहा घेतला नाही. त्या पानाच्या वेळीही घेतला नसेल.

धाकटी : म्हणजे हे सगळं... खेटे, वकील, नोटीस... तुझ्यामुळे?

ताई : हो.

धाकटी : मग तर तूच दुरुस्त कर! तुझीच चूक, तुझंच पेन. आता कुणाची परवानगी हवीय?

ताई : माझी होती तोवर माझी होती. मग ते पान सभागृहात गेलं. दोनशे माणसांनी त्यावर हात वर केले. वाचलं नसेल कुणी, पण हात वर केले. मग राज्यपालांची सही झाली, शिक्का बसला. त्या सहीच्या पानावर ‘व’ आहे. आता ती चूक राहिली नाही गं. कायदा झाला. तिला हात लावायला मी कोण?

फोरमन : शुद्धिपत्र काढता येईल की.

ताई : छापताना चुकलं तर शुद्धिपत्र. सहीत आणि छापात फरकच नाही. आपण अगदी बरोबर छापलंय, फोरमन.

धाकटी : मग हे कागद मला कशाला दाखवलेस? माझा जीव जाळायला?

ताई : न्यायाधीश काय म्हणाले? ‘कशावरून.’ तर या कागदांवरून. काना कायद्यात घालणं त्यांच्या हातात नाही, पण कायदा कसा वाचायचा ते त्यांच्या हातात आहे. परवा मी येते. शपथेवर सांगते, की काना सभागृहानं काढला नाही, मी काढला.

फोरमन : बाई, शुद्धीवर आहात का? निवृत्तीला सात महिने उरलेत. चौकशी लावतील. आठ वर्षं चुकीचा कायदा चालला, म्हणजे ही एकच बाई थोडीच? आणखी किती जणी बाहेर पडल्या असतील, सगळ्यांचं खापर तुमच्यावर.

ताई : त्याच दिसतात मला, फोरमन. ही तर जिना चढून येऊ शकली. त्यांची बहीण इथं नव्हती.

धाकटी : ताई... नको. राहू दे. चार महिने मी काढते कुठं तरी. अधिवेशनात होईल.

ताई : मघाशी भांडत होतीस.

धाकटी : मघाशी मला माहीत नव्हतं.

ताई : आणि न्यायाधीशांनी नाही मानलं, तर?

धाकटी : तर तुझंही गेलं आणि माझंही.

ताई : तसं होऊ शकतं. मी खात्री देत नाही. मला एवढंच दिसतंय, की हे पेन चालवायचा हक्क मला नाही, पण तोंड उघडायचा आहे.

फोरमन : मग या फर्म्याचं काय करू? चार वाजायला आले.

ताई : आहे तसा चढवा. ‘व’च ठेवा.

फोरमन : असला फर्मा चढवायचं जिवावर येतं हो.

ताई : माझ्याही आलं, सही करताना. झाली आहे. घ्या.

धाकटी : गेले काका. चिडले वाटतं.

ताई : नाही. खडखडाट सुरू झाला, की शांत होतील. हा कागद घे. काल दुपारी लिहिलंय, कोर्टात द्यायचं निवेदन. मला वाचून दाखव.

धाकटी : मी? अगं, तू एकतीस वर्षं लोकांचं तपासतेस. मला चुका कुठं कळतात?

ताई : आपण लिहिलेलं आपण तपासायचं नसतं. डोळ्यांना हवं ते दिसतं. तू वाच.

धाकटी : ‘मी, खाली सही करणार...’

ताई : सावकाश. घाई नाही मला.