सतरंजीचं दुसरं टोक

– पाटी मग ठोक, आधी ते टोक धर. ओली सतरंजी एकट्याने पिळायच्या चरकात जात नाही, एवढं तुझ्या आईने शिकवलं असेलच की – तू टपालवाल्या पेंटीचा मुलगा ना? मग तर तुझी आई इथेच, गावाच्या या सतरंज्या धुण्याच्या धक्क्यावर, गुडघे टेकून ब्रश घासायची आणि तू तिकडे तळ्यात दगड मारत बसायचास. आता नगरपालिकेत साहेब झालास आणि धक्का बंद म्हणून सांगायला आलास. सांग की. मी ऐकतेय, पण हात थांबवू नकोस.

वापर कमी झालाय म्हणे. घरोघरी मशिन आलंय म्हणे. माझ्याकडेही आहे, चांगलं नवं आहे – त्याच्याशी काय बोलू मी? आणि बदल्यात दिलंत काय, तर चौकातलं ते पिवळं बाकडं, वर लिहिलेलं – ‘गप्पा मारायच्यात? इथे बसा.’ गावाचं आरोग्य सुधारायला, माणसं जोडायला. कुणाच्या डोक्यातून निघालं रे ते? तुझ्याच? वाटलंच मला. अरे, आपण कसली माणसं आहोत, तुला ठाऊक नाही का? दाराच्या भिंगातून आधी जिना बघतो, शेजारी उतरून गेला की मगच कडी काढतो – तूही तेच करतोस, मान हलवू नकोस – आणि आपण भर चौकात, मी एकटी आहे हो, अशी दवंडी पिटत त्या बाकड्यावर जाऊन बसणार? मेले तरी बसणार नाही. तळ्यावरचे पक्षी बसतात त्यावर, त्यांची तब्येत काय ती सुधारली असेल.

इथे तसं काही सांगावं लागत नाही. इथे फक्त ‘धर’ म्हणायचं. माझ्या समोरच्या दारातली हिबो, ती सोमालियाची – किती वर्षं समोरासमोर राहिलो, पण तिचा आवाज कसा आहे ते मला माहीत नव्हतं. एका उन्हाळ्यात इथे सतरंजी घेऊन आली, मी म्हटलं धर, ती म्हणाली जरा ओढा. झाली ओळख. माणसं बोलायला म्हणून येत नाहीत रे, कामाला येतात, मग बोलणं आपोआप होतं. गेल्या हिवाळ्यात मी न्हाणीघरात पडले, काही केल्या उठता येईना – तेव्हा दार कुणी ठोठावलं, तुझ्या त्या बाकड्याच्या प्रकल्पाने? हिबोने. सकाळी माझ्या कॉफीचा वास जिन्यात आला नाही, तेवढ्यावरून. हे तुझ्या कुठल्या तक्त्यात बसवतोस ते बसव.

खाली काय बघतोस? पाणी? हो, स्वच्छ आहे. साबण सोडला तर काही निघत नाहीये त्यातून, दिसतंय मलाही. माझा नवरा, आर्मास, गेल्यापासून घरात चालतं कोण – मी एकटी, तीही लोकरीच्या मोज्यांत. मागच्या आठवड्यात धुतली होती हीच. त्याच्या आधीच्या आठवड्यातही. लिही, तुझ्या वरच्या साहेबांना लिही, म्हातारी धुतलेली सतरंजी पुन्हा पुन्हा धुते, हिच्यासाठी धक्का चालवायचा का. मला लाज वाटत नाही. म्हणजे – वाटते थोडी. ती माझी मी बघेन. पण तू पाटी ठोकलीस तर मी ती उपटणार, पुन्हा ठोकलीस तर पुन्हा उपटणार, आणि मग पोलीस आणलेस तर त्यांनाही एकेक टोक धरायला लावीन.

ती बघ, हिबो आली सायकलवरून, मागे गुंडाळी बांधून. नाही, थर्मासमधली कॉफी तिच्यासाठी आहे, तुला मी विचारलेलं नाही. आणि एक ऐक – जवळ ये – तिच्या सतरंजीचं पाणीही असंच स्वच्छ निघतं. मी कधी विचारलं नाही, तिनेही मला विचारलं नाही. तूही तोंड बंद ठेव.

सोड ते टोक. जा आता.