डावं मोकळं

बायजा : …तर जावई आज बैल त्यांच्या गावी, गुंदला न्हेनार. तुजे मामाच म्हनले, घेऊन जा.

वासू : बैल? आन मामा ओंड्यांची गाडी कशानं हाकनार, मामी?

बायजा : हाकनारच न्हाईत म्हनं. महिना झाला, देवळात कीर्तनालाबी पाय ठेवला न्हाई. बुवांनी दोनदा निरोप धाडला.

येसाजी : जाऊन काय करू? बुवा एक गातील, मी दुसरंच ऐकीन. घाटात एकदा चुकलो तेवढं पुरे.

बायजा : ह्यांचे कान गेलेत म्हनं. काल दूध उतू जाताना आदी ह्यांनाच ऐकू आलं.

येसाजी : तू गप. वासू, तूच सांग हिला. इतकी वर्सं आपली एकच रीत. वळणाला गाडी थांबली की चाकाखाली धोंडा. झिलूनं तो काढायचा आन बाजूला सरायचं. मग मी इचारायचं, उजवं? उजवीकडनं गुणानं बघून सांगायचं, मोकळं. मग डावं? ते तू सांगायचं. दोन्हीकडनं आल्याबिगर बैलांना हाक न्हाई. ओंड्यांमुळं मला मागचं दिसत न्हाई, तुमचं बोलनं तेच माजं डोळं. त्या दिशी मला दोन्हीकडनं ऐकू आलं. आन तू पाटलाम्होरं सांगितलंस, मी बोललोच न्हवतो.

बायजा : आन गुणा?

येसाजी : त्याला मधल्या ओंड्यांमुळं पलीकडचं कळलं न्हाई. झिलूला तर कशाचीच शुद्ध न्हवती. म्हंजे माज्या कानानंच मला फसवलं. मी बैलांना हाक दिली आन झिलूची तीन बोटं चाकाखाली गेली.

वासू : मी बोललो हुतो, मामा.

येसाजी : काय?

वासू : मोकळं म्हनलो हुतो. तुम्ही ऐकलं ते खरं.

बायजा : आरं द्येवा.

वासू : आदल्या सांजंचं कीर्तन डोक्यात घोळत हुतं. बुवांची ती चाल मनातल्या मनात म्हनत चाललो हुतो. तुम्ही डावं इचारलं आन रोजच्यावानी त्वांडातनं मोकळं निघून गेलं. मान वळवून बघितलंच न्हाई. झिलू अजून धोंड्यावर वाकलेला हुता.

बायजा : मग पाटलाम्होरं खोटं कशाला?

वासू : झिलूची बायकू फुला समोर उभी हुती. नवऱ्याचा हात फडक्यात धरून. तिच्याकडं बघून भ्यालो. वाटलं, मामा भांडतील, म्हनतील की ह्यो बोलला, मी ऐकलं. मग कबूल करीन. पन मामा भांडलेच न्हाईत. म्हनले, वासू खोटं कशाला बोलंल, माजेच कान गेले असनार. तवापासनं मला कुनाकडं बघवत न्हाई. देवळात झांज हातात घेतो आन खाली ठेवतो.

बायजा : ह्याच घरात तुला पोटच्या पोरावानी वाढवलं रं मी.

(गोठ्यात बैल रवंथ करत असतात.)

येसाजी : म्हंजे माजे कान बरे हायत.

वासू : व्हय, मामा.

येसाजी : महिनाभर हिच्याशी बोलताना मी हिच्या ओठांकडं बघतोय. काय बोलती ते बरूबर कळतंय का म्हनून.

बायजा : मला सांगायचं तरी.

येसाजी : लाज वाटली.

वासू : मामा, मारा मला. काय बी करा.

येसाजी : मारून काय हुतंय. झिलूला सांगितलंस?

वासू : न्हाई. आदी तुमच्याकडं आलो. तुम्ही पदरात घ्याल असं वाटलं.

येसाजी : सोपं घर बघून आलास.

वासू : व्हय.

येसाजी : माजा पटका दे गं. बैल ऱ्हाऊ देत गोठ्यात, जावयाला सांग. ऊठ, वासू.

वासू : तुम्ही येता?

येसाजी : येतो. पन त्वांड तूच उघडायचं. मी एक अक्षर बोलनार न्हाई.

वासू : फुलानं दार लावून घेतलं तर?

येसाजी : तर पायरीवर बसायचं. उघडंस्तवर.