केदारनाथने न पुसलेली पत्रं

कडा गावच्या एसटी स्टँडवर मी पुण्याच्या गाडीची वाट बघत होते. बाळ नुकतंच मांडीवर झोपलं होतं. शेजारी पिशवी घेऊन बसलेल्या, आमच्या गल्लीतल्या सिद्धाराम आप्पांना ओळखीचे मोहनराव भेटले.

“आप्पा, कुठं निघाला अचानक?”

“पुण्याला, पोराकडं, केदारनाथकडं. आठ दिवस झाले, एकबी पत्र पुसलं न्हाई त्यानं.”

“पुसलं?”

“दिवाळीत घरी सर्व्हर बसवून गेला. आतली सिस्टिमबी त्यानंच बनवलेली. रोज रात्री मी पत्र लिहिलं, की फोनच्या तारेतून त्याच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर जातं. दोन्हीकडं सारखंच ऱ्हातं. त्यानं वाचून पुसलं, की हिकडलंबी जातं.”

“उत्तर काय लिहितो?”

“लिहीत न्हाई. सकाळी पत्र दिसलं न्हाई, की समजायचं, पोरगं बरं हाय.”

“आन् आता?”

“आठच्या आठ तशीच हायेत.”

“आवो, बिघडलं आसंल मशीन. घरचीच बनावट ती!”

“मीबी सात दिवस हेच म्हणलो.”

“फोन केलता?”

“नुसता वाजतोय.”

गाडीत मी त्यांच्या मागच्या सीटवर होते. कंडक्टर आला.

“बाबा, किती?”

“जाताना एक. येताना दोन.”

“येतानाचं येताना बघू, बाबा.”