मशीन चढवायच्या आधी

— न्हाई न्हाई मिस्त्री भाऊ, आत्ताच नका फिरवू तो स्क्रू. आधी बोअरची मोटर टाकून बघा. मोकळं मशीन गुमान चालतंय, भार पडला की मग ह्याचं सोंग सुरू होतं — हां, ऐकलं का? चढलं... उतरलं... पुन्हा चढलं. धाप लागलेल्या म्हशीवानी. मला त्यातलं काय कळतंय? बटण दाबायचं आन् ह्यो काटा पन्नासावर हाय का बघायचं, एवढंच शिकवलंय सुंदररावांनी. सुंदरराव म्हंजी सोसायटीचे चेरमन, ही चारा छावणी सोसायटीचीच हाय. लाईटीचा पत्ता न्हाई म्हून ह्यो जनरेटर, टँकर आला तर आला, न्हाई तर न्हाई. समदी जनावरं ह्या एका बोअरवर. मशीन बंद पडलं की हौद कोरडा. म्हून म्या तुमाला फोन केला. चेरमननी न्हाई केला, म्याच केला.

आधी कोण होतं मशीनवर? आमचे मालकच होते की. हे नवं गव्हर्नर बसवलं तवा लई खुश होते — म्हणायचे, सत्यभामा, आता हात लावायचं काम न्हाई, ही डबी चाकाचे दात मोजती, वेग वाढला की डिझेल कमी करती, वेग पडला की वाढवती. लेकरावानी कौतिक! घरी येऊन बी तेच. आता घरीच असतात. न्हाई, तब्येत — तब्येत बरी हाय तशी. जेवतात.

तुमाला न्हाई सांगितलं का कुणी? मंग असू द्या... न्हाई, सांगते, तुमाला ठाऊक असलेलं बरं. दुपारची येळ होती. मी हौदावर म्हशीला पाणी पाजायलते, आन् आवाज वर जायला लागला. वर म्हंजी — थांबंचना! ह्यो दांडा तुमी पुसायलेत ना, डिझेल कमी-जास्त करणारा, त्यो धुळीनं जाम झालता. हे मागून कळलं. डबी आतून सांगत असंल कमी कर, कमी कर — पण दांडा हललाच न्हाई. मालकांनी चावी काढून हातात घेतली तरी मशीन चढतंच हाय. पत्रे थरथरायले, म्हशींनी दावी तोडली. मंग ह्यांनी पेंडीचं रिकामं पोतं उचललं, बादलीत बुचकाळलं आन् मशीन हवा ओढतं ना, त्या तोंडावर छातीनं दाबून धरलं. पडलं बंद. पण त्याच्या आधीच पंख्याचं पातं तुटून उडालतं. ह्या शेडच्या दारात भारत भावजी होते, मालकांचे चुलतभाऊ. हे वरडले, "भारत, पळ बे भाईर!" ते न्हाई पळाले. हौदावर माणसं हायेत म्हून लोखंडी दार ओढून घ्यायलते, तवाच पातं लागलं. त्या माणसात मी होते, भाऊ.

मंग काय. मशीन वाचवलं म्हून सोसायटीनं मालकांना शाल घातली. समोर छबुबाई बसलेली, भारत भावजींची बायको, कपाळ मोकळं. तवापासून ह्यांचं बोलणं कमी झालं. बोलतात — मीठ दे, पाणी दे. हे काम मी कावून धरलं म्हून एक शब्द न्हाई विचारला. मी हिकडं यायला निघाले की तोंड भिताडाकडं करून निजतात. दिस वर आलेला असतो तरी.

आमचं घर? ते काय, त्या लिंबापलीकडं. समदं ऐकू येतं तिथं. हीच तर गोष्ट हाय ना! मशीन असं चढाय-उतराय लागलं की... परवा मोटर टाकली, आवाज चढला, म्या लगीच बंद केलं. लगीच! तरी मन मानंना म्हून पळत घरी गेले. तर अंजी दिसंना. आमची लेक, अंजना. मालक दाण्याच्या कणगीवर पालथे पडलेले, दोन्ही हातानं झाकण दाबून. म्हणत होते, "हाल्लू नको, पातं येतंय, हाल्लू नको." पोरगी आत. कणगीत, भाऊ! म्या वढलं त्याह्यला, मारलं बी... कसं उठवलं मलाच ठाऊक न्हाई. पोर काढली तवा व्हट निळे पडलेले. रडली, मंग माझ्या जिवात जीव आला.

हे — हे कुठं बोलू नका. चेरमनला तर बिलकूल नका. मला बोलायचं नव्हतं, तोंडातून गेलं. त्याह्यचं लेकरावर लई प्रेम हाय हो. वाचवायलेच होते तिला. पोरीला उमापूरला माझ्या आईकडं धाडली, पण किती दिस? बाप उठला की दारात तिच्या चपला हुडकतो.

झालं का? ऐकू द्या... व्हय. व्हय की! मोटरचा भार पडला, जरासं दबलं, आन् लगीच सरळ. एकच सूर. ह्यो स्क्रू आता हितंच ठेवा. सुंदरराव येतील, म्हणतील थोडं चढवा, पाणी जास्ती येईल. तुमी म्हणा, ह्याच्या वर न्यायचंच न्हाई. माझ्याकडं नेलपॉलिश हाय, लाल, ह्याच्यावर लावून टाका — कुणी फिरवलं तर कळंल तरी.

आता काय राहिलं? ...मुद्दाम चढवायचं? कावून? अच्छा — वेग हद्दीपार गेला की आपसूक बंद पडतंय का बघायला. बघावं लागंलच का? ...व्हय, बरोबर हाय तुमचं. त्या दिवशी पडलं असतं आपसूक तर — बरोबर हाय. पण थांबा. हात काढा आधी तिथून. ते घरात एकटे हायेत.

बाजारला धाडू का त्याह्यला, वडवणीला? तवर तुमी उरकून घ्या... न्हाई. न्हाई, त्याह्यनी ऐकाय पायजे. चढताना ऐकलंय त्याह्यनी, आपसूक बंद पडताना कुठं ऐकलंय? मी जाते. जवळ बसते, हात धरते, सांगते — आता चढंल, आन् कुणी हात न लावता गप होईल. आन् न्हाईच झालं तर भाऊ, तुमी हायेत ना? लगीच बंद करताल ना?

काय बी बोलू नका आता. त्या लिंबाकडं बघत रहा. म्या घरात जाऊन दार लावलं की मंग चढवा.