मुंग्या थांबल्या तेव्हा

माझं नाव यमुना. माहेर घोटीच्या अलीकडचं, भाताचा मुलूख. बाप रेल्वेत गँगमन, कसाऱ्याच्या घाटात रूळ सांभाळायचा, आन् आई लोकांच्या चिखलात भात लावायची, म्हनजे काय सांगू तुम्हाला ताई, आमच्या घरात हात चालले तर चूल चालली, असंच व्हतं. आई म्हनायची, पोरी तुझे हात लय चपळ हायेत, तू काय उपाशी मरायची नाय. लग्न होऊन इकडं निफाडच्या अंगाला आले तव्हा अठराची असंन. विहाराच्या मागं दोन खोल्या, आमचे हे कांदा मार्केटात गोन्या भरायचे, दीर आन् जाऊ मंदा शेजारच्याच खोलीत. मंदा माझ्यामागनं आठ वर्सांनी आली, एवढीशी व्हती, मला आक्का म्हनायची, आजून म्हनते. माझ्याच मागं मागं ती बागेत यायला लागली. तिला कात्री धरायला मीच शिकवली, हे आधीच सांगून ठेवते.

द्राक्षाचं काम तुम्ही बघितलंय का? खायाला गोड लागतं, करायला नाय. ऑक्टोबरात छाटनी झाली का पुढं विरळनी. घडात मनी दाटले का फुगायला जागा राहत नाय, मंग बारक्या कात्रीनं मधले मनी कापून काढायचे. एक घड, दुसरा घड, तिसरा घड, मान वर, हात वर, दिवस बुडस्तोवर. दर मन्याला बोटं मिटायची आन् उघडायची. मला लय यायचं ते. आमच्या टोळीचा मुकादम पिकअप घेऊन यायचा आन् आधी माझं नाव पुकारायचा, यमुनाबाई आल्या का, मंग बाकीच्या चढा. एक्सपोर्टच्या बागेत मालक मलाच पुढच्या ओळीला लावायचा. मला त्याचा लय गर्व व्हता, खोटं कशाला बोलू.

आन् मंग डिपिंग. मगात औषधाचं पानी घ्यायचं आन् घड त्याच्यात बुडवायचा, दुसरा बुडवायचा, तिसरा बुडवायचा. घड वर आन् आपन खाली, ते पानी कोपरावरनं वघळत काखेपर्यंत जातं. थंडीत तर जीव जातो. म्हनून आम्ही बाया साडीवर गड्याचा जुना शर्ट घालतो, लांब बाह्यांचा, आन् मनगटावर बाही आवळून बांधतो. कोनी चिंधी बांधतं, कोनी सुतळी. मी सायकलच्या ट्यूबच्या रिंगा कापायचे आन् दोन दोन चढवायचे, पानी काय वारा बी आत जायचा नाय. सगळ्या टोळीनं माझं बघून रिंगा घेतल्या. मंदाला तर मी रोज सकाळी माझ्या हातानं चढवून द्यायचे, ती म्हनायची आक्का लय आवळतंय, मी म्हनायचे आवळू दे, औषध आत गेल्यापेक्षा बरं.

कधी लागलं दुखनं ते काय नक्की सांगता यायचं नाय. आधी पहाटं जाग यायची, उजव्या हातात मुंग्या मुंग्या. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट. उठून हात झटकायचे, झटकला का जरा मोकळा व्हायचा. मंग दुपारचं बी व्हायला लागलं. बायांना विचारलं तर निम्म्या बाया म्हनल्या, आम्हाला बी येतात. मंग आमचं सगळ्यांचं ठरलं का हे औषधाचंच हाये, डिपिंगचं पानी हातात भिनतंय. मुकादम म्हनला नीट बांधत जा. आता आमची अक्कल बघा ताई, मुंग्या वाढल्या का आम्ही रिंग वाढवायचो. मी तर दोनाच्या तीन केल्या. रात्री मनगटाला वळ दिसायचे आन् मी म्हनायचे, बरं झालं, पक्कं बसलं व्हतं.

कोनी म्हनलं लसनाचं तेल लाव, लावलं. कोनी म्हनलं रक्त कमी हाये, गोळ्या खाल्ल्या. आमचे हे म्हनले नाशिकला जाऊन मोठ्या डॉक्टरला दाखव, मी म्हनले सीझन उरकू द्या. आमच्यात सगळं सीझन उरकल्यावर असतं, लग्न, बारसं, दुखनं बी.

आन् एका सीझनला मुंग्या थांबल्या. खरं सांगते, आपसूक थांबल्या. पहाटं उठनं बंद. कळ बंद. चार वर्सं जागी राहिलेली बाई मी, कोंबडं आरवस्तोवर झोपायला लागले. केवढा आनंद. मी टोळीत सगळ्यांना सांगितलं, बघा, तीन रिंगांचा गुन आला, आवळून बांधा, माझं गेलं तसं तुमचं बी जाईल. विहारात खिचडी केली, सगळ्या वस्तीला वाढली. मंदानं हसत हसत आपल्या दोनाच्या तीन केल्या. माझ्यासमोर केल्या. मीच तिला शाबासकी दिली.

पुढं दोन-तीन महिन्यांत कात्री पडायला लागली. धरलीये असं वाटायचं आन् खाली बघावं तर पायाशी. मुकादम म्हनला यमुनाबाई लक्ष कुठं हाये. ब्लाऊजचं हुक लावता येईना, सून लावून द्यायची. एक दिवस भाकरी उलटताना घरात वास सुटला, मी म्हनले काय जळतंय, सून वरडली, आत्या तुमचं बोट. तव्याला बोट टेकलेलं व्हतं आन् मला खबर नाय. त्या दिवशी पयल्यांदा मी घाबरले. दुखत नव्हतं म्हनून घाबरले.

सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीन माझ्या पोरीच्या वयाची. मी लगेच सांगून टाकलं, बाई हे द्राक्षाच्या औषधाचं हाये. तिनं विचारलं, मावशी, पाचही बोटं बधिर आहेत का? मी म्हनले नाय, करंगळी चांगली हाये. मंग ती म्हनली, औषधाच्या पाण्यात हात बुडतो तेव्हा करंगळी वर ठेवता का हो? एवढी वर्सं करंगळी माझ्याच हाताला व्हती, सगळ्या टोळीच्या हाताला व्हती, पन हा इचार एकीच्या बी डोक्यात आला नाय.

तिनं दोन्ही मनगटं वाकवून हात मागच्या बाजूनं एकमेकांना लावून धरायला सांगितले, मिनिटभर. म्हनली मुंग्या आल्या की सांगा. मी धरून बसले, काय नाय आलं, मी म्हनले बघा, मी पास. ती हसली नाय. माझा अंगठा तिनं चाचपला, बुडाला जी गादी असती ना ती बसलेली, खड्डा पडलेला. मंग विजेच्या मशिनीवर तपासलं आन् समजावून सांगितलं. मनगटात एक बोगदा असतो, त्यातनं शीर जाते, सारखं कात्रीचं काम करून आतनं सूज येते आन् शीर दाबते, वरनं तुम्ही बांधून अजून दाबलीत. बोगदा मला माहीत, बापाचा डबा घेऊन लहानपनी घाटातल्या बोगद्यात गेलेली मी, दोन्हीकडनं गाडी आली तर मधल्या मानसानं जायचं कुठं. मी म्हनले पन मुंग्या तर थांबल्या व्हत्या ना बाई. ती म्हनली, मावशी, तेव्हा ती शीर मरायला लागली होती. मुंग्या येत होत्या तोवर ती ओरडत होती. तेव्हा आला असतात तर रात्री मनगटाला पट्टा घालून, हाताला विसावा देऊन, नाहीतर लहानशा ऑपरेशननं भागलं असतं.

ऑपरेशन केलं तरी. तिनं आधीच सांगितलं व्हतं, उरलंय ते वाचेल, गेलेलं यायचं नाही. तसंच झालं. आता दीड वर्स झालं, अंगठा वळत नाय, सुई धरवत नाय, तांदूळ निवडायला बसले तर खडे दिसतात पन उचलता येत नायत. पिकअप वस्तीवर येतो, माझं नाव कोनी पुकारत नाय. मी दाराआड बसते.

मंदाला मी तव्हाच ओढत नेलं व्हतं त्याच डॉक्टरीनकडं. तिचं येळेत हाये म्हनली, पट्टा दिला, बांधू नका म्हनली, दोन महिने कात्री नको. महिनाभर तिनं पट्टा घातला आन् लय आराम पडला, सकाळी येऊन सांगायची, आक्का रात्रभर झोपले. मंग छाटनी आली. दिराचं पोट दुखनं सुरू व्हतं, घरात दुसरं कमवतं कोनी नाय, ती गेली. पट्टा खुंटीला गेला. मी रोज म्हनायचे मंदे, रिंग तरी नको. ती म्हनायची, बाही वली झाली का कापरं भरतं आक्का, तुम्हाला काय घरी बसून. खरं बी हाये तिचं.

परवा आली. वाटीत साखर घेऊन आली. तोंड असं फुललेलं. म्हनली आक्का, तुम्ही उगा भ्या घालत व्हत्या, आठ दिवस झाले, मुंग्या आपसूक थांबल्या बघा. कळ बी नाय. सगळ्यांना साखर वाटून आले, तुम्हीच राहिल्या.

मी तिचा उजवा हात माझ्या हातात घेतला, अंगठ्याच्या बुडाला खड्डा पडलाय का ते चाचपत बसले. माझ्या बोटांना काय कळलंच नाय.

तिला म्हनले, उद्याच्या उद्या दवाखान्यात चल, पाया पडते तुझ्या. ती म्हनली चालंल आक्का, पन सीझन उरकू द्या. आज बी कामालाच गेलीये. तुम्ही चहा घ्या ताई, गार व्हतोय. साखर तिचीच हाये.