सगळ्यांच्या गोधड्या उन्हात

आम्ही मूळचे वैजापूरच्या तिकडले, धनगर. वैजापूर म्हणलं तरी गाव तिथून लई आत हाय, रस्ता संपला की अजून चालायचं. बापाची मेंढरं, सासऱ्याची मेंढरं, निम्मं आयुष्य वाटंवरच गेलं बगा. शाळा म्हणाल तर नाय. अक्षरं शिकले ती म्हातारपणी, शिबिरातल्या पोरींनी शिकवली, दुपारच्याला त्यांना झोप येईना की त्या माझ्या मास्तरणी व्हायच्या, आन् मारायच्याबी फूटपट्टीनं, खोटंखोटं.

मंग दुष्काळ पडला. एक नाय, लागोपाठ पडले. चारा नाय तर मेंढरू काय खाईल, मेंढरं विकली आन् मालक म्हणले चल शहराकडं. तव्हा औरंगाबादच म्हणायचे, आता संभाजीनगर, माझ्या तोंडात दोन्ही येतात. पडेगावला नुसत्या बिल्डिंगा उठत व्हत्या, मालक एका बिल्डिंगीवर वॉचमन राहिले. काय सांगू तुम्हाला, गावाकडं पाणी नाय म्हणून शहरात आलो तर इथंबी टँकरच. बिल्डिंगीच्या भिंतीला मात्र पाईपानं पाणी मारायचे, सकाळ-संध्याकाळ, मी बगत बसायची.

तिथंच दौलताबादच्या रस्त्याला कुलकर्णीसरांची जागा व्हती. सर रिटायर मास्तर. आजोबा त्यांचे कुठल्याशा गावात पूजा सांगायचे, वडील कचेरीत कारकून. सर म्हणायचे, पारूबाई, आमच्या घराण्यात घाम गाळणारा मीच पहिला, तोही सूर्यनमस्काराचा. असं बोलणं. जागेवर पत्र्याचे दोन हॉल, एक पोरांचा, एक पोरींचा, मधी मोठं लिंबाचं झाड, उन्हाळ्यात शिबिर भरवायचे. मी भाकऱ्या थापायला गेले, तर सर म्हणले, पोरींच्या हॉलात झोपाल का, कुणीतरी मोठं माणूस पाहिजे. म्हणलं झोपते की, मेंढरांत झोपले, पोरींत काय.

पहिल्या दिवशी लेकरं बगावी. आईबाप डॉक्टर, इंजिनेर, ब्यांकेतले. मोबाईल काढून घेतला की नुसती भिंतीकडं बगत बसायची. एक पोरगं म्हणलं, आजी ही रोटी जळलीय. म्हणलं जळली नाय राजा, ज्वारीची हाय, तिचा रंगच असा, माझ्यासारखा. पहाटं उठायचं, पळायचं, आपलं ताट आपण राखेनं घासायचं, पाणी कमी म्हणून राख. पहिले दोन दिवस रडारड, नंतर हीच पोरं शेवटच्या भाकरीसाठी भांडायची आन् ज्यानं कव्हा चहाचा कप उचलला नाय ते पोरगं मला म्हणायचं, आजी सरका, मी वाढतो.

त्या साली टँकरचं काय खरं नव्हतं, आला तर आला. म्हणून सर सांजच्याला सगळ्यांच्या बाटल्या बगायचे, ज्यानं पाणी वाचवलं त्याच्यासाठी टाळ्या. एक पोरगी व्हती, सई म्हणू तिला, खरं नाव मी सांगायची नाय. पाचवीतली, काटकुळी, लेझमीत मात्र अशी की पुढची रांग तिच्याच हाती दिल्ती. तिची बाटली रोज भरलेली. सर म्हणायचे, बघा, सईकडून शिका. पोर खाली मान घालायची. मला वाटायचं लाजती.

आन् एक दिवस सकाळच्या लेझमीत पोर धाडकन पडली. उचलून आत आणली, डोक्यावर ओला फडका, मीठ-साखरेचं पाणी केलं, तर तोंडच उघडंना. काहून गं? नको आजी. अगं वठ कोरडे पडले तुझे, पी की. नको. मंग जवळ ओढलं तव्हा कानात म्हणली, पाणी प्यालं की रात्री होतं.

कोपऱ्यात तिची गोधडी बगितली. घडी घालघालून एवढीशी केल्ती, आतून ओली. लेकरानं कुणाला दिसू नये म्हणून पाणीच सोडलं व्हतं, एवढ्या उन्हात. म्हणली, बाबा म्हणालेत, एवढी मोठी झालीस, तिथं लाज काढू नकोस, जमत नसेल तर घरी घेऊन येईन. आजी, मला नाय जायचं. मला शेवटच्या दिवशी गॅदरिंगला पुढं उभं राहायचंय.

डॉक्टर येऊन गेले, म्हणले घाबरण्यासारखं नाही, पाणी मात्र पोटभर द्या. सरांना मी झाडाखाली नेऊन सगळं सांगितलं. सर म्हणले, पारूबाई, मी टाळ्या कशासाठी वाजवत होतो हो? म्हणलं, तुम्हाला काय सपान पडलं व्हतं? आता फुडचं बोला.

फोन तर करावाच लागला, पोर चक्कर येऊन पडली, बापापासून लपवून कसं चालंल. सरांनी ऊन लागल्याचं सांगितलं, गोधडीचं नाय. बाप म्हणला, सकाळी येतो, घेऊनच जातो.

मी सरांना म्हणलं, आमच्यात वाटंवर घोंगडी धुवायला पाणी कुठलं, ऊनच आमचा धोबी, उठलं की सगळी घोंगडी उन्हात, कुणाचं काय झालं कुणी इचारत नाय. सरांनी ऐकलं आन् दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या शिट्टीच वाजवली. आजपासून नियम, आपली गोधडी आपण उन्हात टाकायची, पोरांनी, पोरींनी, मीही. सोताची आधी आणून टाकली, ठिगळाला ठिगळ नुसतं. पोरं म्हणली, सर, ही तर नकाशाची गोधडी. मंग कुणी झाडावर, कुणी दगडावर, सगळं मैदान गोधड्यांनी भरलं.

त्यात एक आगाऊ पोरगी ओरडली, ई, ही ओली कुणाची? सई तिथंच उभी. सर मागं न बगता म्हणले, ती पण माझीच आहे गं, दोन घेतो मी, म्हातारपणात घाम फार येतो. काय पोरं हसली म्हणता! सईबी हसली.

तेवढ्यात बापाची गाडी आली. उतरला तो सरळ गोधड्यांकडंच बगत, मला कळलं ह्याची नजर कशावर हाय. पण एवढ्यांतून ओळखणार काय? सरांना म्हणला, हे काय? सर म्हणले, आरोग्याचा नियम, उन्हाला टँकर लागत नाही. सई बाटली घेऊन आली, बापासमोर उभी राहिली आन् घटाघटा सगळी प्याली, खालीच ठेवली नाय. तोंड पुसलं आन् म्हणली, बाबा, मी नाय येत. झाली ओली तर मी वाळवीन. हळूच म्हणली, पण म्हणली.

बापानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, मला म्हणला, मावशी लक्ष ठेवा. आन् एकटाच माघारी गेला.

आता तुम्ही इचाराल, थांबलं का? लगेच कुठलं, अजून दोन-चारदा झालं. पण गोधडी तीच उचलून टाकायची, मला हात लावू द्यायची नाय, आन् पाणी प्यायची. गॅदरिंगला पुढच्या रांगेत व्हती.

त्या जागेवर आता दुकानं आन् वर फ्लॅट झाले. सर घरीच असतात, गुडघे गेले त्यांचे. शिबिर बिडकीनकडं भरतं, सरांचा एक जुना विद्यार्थी भरवतो, मला गाडी पाठवून नेतो. भाकऱ्या नाय व्हत आता माझ्यानं, खुर्ची टाकून बसते, लेकरं भोवती असली की बरं वाटतं. नियम तेवढा चालू हाय. का हाय ते नव्या लेकरांना कुणी सांगत नाय, मीबी नाय. मागल्या साली एकजण कंटाळून म्हणला, आजी, रोज रोज काहून वो? म्हणलं, टाक बाबा टाक, ऊन फुकट हाय.